अब्राहामाचा उजवा हात

जठारपेठ, अकोला
११ नोव्हेंबर २०२४

प्रिय प्रियदर्शनी,

जय भीम.

फोन तू उचलत नाहीस आणि मोबाईलवर दोन ओळींच्या पुढे लिहिणं मला जमत नाही, म्हणून पत्र. माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच ठेवून देशील, अशी धास्ती होती. पत्ता शेजारच्या कुणाकडून तरी लिहून घ्यावा, असंही मनात आलं. मग म्हटलं, बहात्तराव्या वर्षी आणखी लबाड्या नकोत.

माझं ठीक चाललंय. शुगर कमी-जास्त होते, गुडघे जिना चढताना कुरकुरतात. सकाळी उठलं की आधीच थकल्यासारखं वाटतं आणि पुढचा दिवस नुसता ढकलायचा असतो. तुझी आई गेल्यापासून पोळ्या करणारी बाई येते. तिच्या पोळ्यांना गोल म्हणता येणार नाही, पण सांगून उपयोग नाही, ती माझी विद्यार्थिनी नव्हे.

मुद्द्याचं लिहितो. रागिणी चित्रकलेला जायचं म्हणते, हे जावयांकडून, अश्विनरावांकडून कळलं. त्यांच्यावर रागावू नकोस. ते महिन्यातून एकदा माझी शुगर विचारायला फोन करतात, त्यात विषय निघाला. ती आता नववीत. तिच्या सरांचं म्हणणं, हात चांगला आहे, पण पाया कच्चा आहे. पाया पक्का करणं हेच तर मी एकतीस वर्षं केलं. एलिमेंटरी, इंटरमिजिएटला माझ्या मुलांच्या श्रेणी काय असायच्या, तुला ठाऊक आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत एक महिना तिला माझ्याकडे पाठव. एवढंच मागणं आहे.

दोन वर्षांपूर्वी अमरावतीला तुझ्या घरी जे झालं, त्यावर मी बराच विचार केला. रागिणी शेजारच्या म्हातारीचं चित्र काढत होती. मी तिच्या हातातली पेन्सिल घेतली आणि म्हातारीचा खांदा नीट करून दिला. नातीच्या चित्राला आजोबाने हात लावला, एवढंच. तू स्वयंपाकघरातून आलीस, माझ्या हातातून कागद काढून घेतलास आणि म्हणालीस, "बाबा, तुमी आता आमच्याकडे येत जाऊ नका." नातीसमोर. खांदा खरंच चुकला होता, पण ते असो.

आणखी एक. आवराआवर करताना कपाटामागे तुझं जुनं चित्र सापडलं, अब्राहाम आणि इसहाकाचं. जाड कागदाच्या मोहापायी मी रद्दीवाल्याकडून जर्मन चित्रांचं एक पुस्तक उचललं होतं, ते आठवतं का? भाषा आपल्या घरात कुणाच्या बापाला येत होती! त्यात शंभर वर्षांपूर्वीचं, नुसत्या पेन्सिलीने काढलेलं एक चित्र होतं. बाप सुरी उगारून उभा, समोर रचलेल्या लाकडांवर मुलगा. काढणारा तेव्हा बावीस वर्षांचा होता, सालं वजा करून एवढं कळत होतं. मला त्यात नुसती घाई दिसली. एका रेघेवर चार रेघा, चेहऱ्याच्या जागी गुंता. माझ्या वर्गात त्या पोराला मी पुन्हा काढायला लावलं असतं.

तू मात्र जेवतानाही ते पुस्तक मिटत नव्हतीस. शाळेत शिवण शिकवणाऱ्या एस्तेरबाईंकडे जाऊन तू ती गोष्ट विचारून आलीस. देवाने अब्राहामाकडे त्याचा लाडका मुलगा मागितला. बाप मुलाला डोंगरावर घेऊन गेला, लाकडं मुलाच्याच पाठीवर लादली, आणि सुरी उचलली तेव्हा कुठे देवदूताने त्याला थांबवलं. मी तुला म्हटलं होतं, "तुया आज्यानं छप्पन साली सारे देव सोडले, अन् तू काहून हे घरात आणून राहिली?" तुझी आई हसली होती, तू हसली नव्हतीस.

मग तू तुझं स्वतःचं काढलंस. इसहाकाच्या पाठीवर कपाशीच्या पऱ्हाट्यांची मोळी, अब्राहामाच्या डोक्याला पटका. चित्र चांगलं होतं. उजवा हात तेवढा कच्चा होता, तो मी सुधारून दिला होता. तुला हवं असेल तर चित्र पाठवून देतो.

रागिणीचं कळव.

बाबा


जठारपेठ, अकोला
२ डिसेंबर २०२४

प्रिय प्रियदर्शनी,

तुझं उत्तर आलं, बरं वाटलं. ना मायना, ना सही, वहीच्या पानावर दोन वाक्यं. "ते चित्र मुंबईला पाठवलं होतं. तुमच्याकडे कसं?" वलगावच्या शाळेत पोरांना पत्रलेखन शिकवतेस ना? असंच शिकवतेस का? थट्टा केली, सोडून दे.

चित्र परत आलं असणार. चित्रकलेच्या कॉलेजात प्रवेशासाठी एवढी चित्रं जातात, त्यातली काही परत येतात. तुझ्या आईने घेऊन कपाटामागे ठेवलं असेल आणि सांगायचं विसरली असेल. मैनाचं तसंच होतं, लाईटचं बिल असो की लग्नाची पत्रिका, सगळं कुठेतरी खोचून ठेवायची. आता तिला विचारायची सोय नाही.

तू रागिणीबद्दल काहीच लिहिलं नाहीस. तुझी अडचण त्या हाताचीच असेल, तर माझी बाजू ऐक. चित्रकलेच्या मास्तरची सवय तुला बाहेरून दिसते. एका वर्गात साठ पोरं. एकेकाला समजावत बसलं तर तास संपतो. म्हणून आम्ही पोराच्या मागे उभे राहतो, खांद्यावरून वाकतो आणि त्याच्या चित्रावर आपली पेन्सिल चालवतो. पोरगं पाहतं आणि शिकतं. माझ्या मास्तरांनी मला असंच शिकवलं, त्यांना त्यांच्या मास्तरांनी. परीक्षेला एका आकाराला एकच बाह्यरेषा लागते, स्वच्छ, न थांबता काढलेली. तुझ्या अब्राहामाच्या हाताला कितीतरी रेषा होत्या. खांद्यापासून मनगटापर्यंत नुसती चाचपडलेली पेन्सिल. तपासणारे म्हणाले असते, पोरीला हात कुठे आहे तेच माहीत नाही.

चित्र पाठवायच्या दिवशी सकाळी तू आंघोळीला गेली होतीस. पार्सल बांधायचं होतं. मी गडद सिक्स-बी पेन्सिल घेतली, दोन मिनिटांत हात पक्का केला आणि गुंडाळी करून पोस्टात दिली. घरी येऊन तुला सांगितलं, "हात सुधारून देला बरं तुया अब्राहामाचा." शाबासकीच मागत होतो मी. तू टॉवेल डोक्याला गुंडाळून उभी होतीस.

लिहिताना मान अवघडते. आज एवढंच पुरे.

बाबा


२९ डिसेंबर २०२४

प्रियदर्शनी,

तुझं उत्तर नाही. तरी लिहितो आहे.

मी तुझं चित्र खोडायला घेतलं. घाबरू नकोस, माझी रेघ खोडत होतो, तुझी नाही. रबराने जमेना, तेव्हा पावाचा मऊ गाभा मळून हळूहळू टिपत बसलो. चार दिवस लागले. बसायचं, दहा मिनिटं टिपायचं, पडायचं, पुन्हा उठायचं. सिक्स-बी मी इतकी दाबून फिरवली होती की कागदात चर पडलाय. काळं गेलं, चर राहिला. पण खालच्या तुझ्या रेषा हलक्या होत्या, त्या दिसायला लागल्या.

मी भिंग घेऊन मोजल्या. ते सात हात आहेत, प्रियदर्शनी. एकच हात चाचपडत काढलेला नाही. सातही जागा वेगळ्या आहेत आणि प्रत्येक हात खांद्यातून नीट निघालाय. सगळ्यात वरच्या हाताची सुरी डोक्याच्या वर गेलीय. त्याच्या खालचा जरा उतरलाय, त्याखालचा आणखी. सर्वांत खालच्या हाताने सुरी जवळजवळ जमिनीवर टेकवली आहे. मी त्यातला सर्वांत वरचा निवडला आणि तोच पक्का केला. उरलेल्या सहा हातांनी बाप सुरी खाली ठेवत होता, आणि मी ते सहाही सिक्स-बीच्या काळ्या छायेखाली बुजवले.

मग मी जर्मन पुस्तक काढलं. त्या पोरानेही तेच केलंय. कोपर तीनदा काढलंय, मनगट चारदा. त्याची रेघ कुठे कागद फाटेल इतकी जड, कुठे असून नसल्यासारखी. मी इतकी वर्षं तिला घाई म्हणत आलो. त्याला ठाऊक होतं तो काय करतोय, आणि एकोणिसाव्या वर्षी तुलाही ठाऊक होतं. फक्त घरातल्या चित्रकलेच्या मास्तरला ठाऊक नव्हतं.

चित्र घेऊन मी एस्तेरबाईंकडे गेलो. त्या एकोणऐंशीच्या आहेत, खाटेवरून उठत नाहीत, पण नजर शाबूत आहे. त्यांनी चित्र मांडीवर घेतलं आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"त्याले मारायचं नाही अन् देवाले नाही म्हणायची हिंमतही नाही," त्या म्हणाल्या. "बराबर काढलं पोरीनं." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "पण किसनभाऊ, हात तं तुमचा आहे."

मी म्हटलं, "काहीही काय बाई!"

"कोपरावरची गाठ पाहा न. शर्टाची बाही वर करा."

माझ्या उजव्या कोपरावर लहानपणी बैलगाडीतून पडल्याची गाठ आहे. चित्रातही आहे, सातही कोपरांवर. तेव्हा मला आठवलं. चित्र पाठवायच्या आधी, मे महिन्यात, तू मला भिंतीत खिळा ठोकायला उभं केलं होतंस, आईचं कॅलेंडर लावायचं म्हणून. "बाबा, हात जरा वर. नाई, थोडा खाली. अजून खाली. असाच धरा न जी." मी वैतागून म्हटलं होतं, "खिया ठोकायचा आहे का मले टांगायचं आहे?" तू मागे स्टुलावर बसून काढत होतीस, आणि मी पाठमोरा.

म्हणजे तो बाप मी होतो. तू मला सुरी खाली ठेवताना काढलं होतंस.

मागच्या पत्रात तुझ्या आईचं नाव घेतलं, ते खोटं आहे. चित्र तिने ठेवलं नव्हतं. ती तर ज्याला-त्याला सांगत फिरायची की माझी पोरगी मुंबईला जाणार. मेलेल्या बाईवर ढकलून मोकळा झालो आणि त्या दिवशी जेवणही नीट केलं, हे लिहितानाही लाज वाटते.

ते माझ्याकडे कसं आलं, हे पुढे लिहायचं आहे. आज अंगात त्राण नाही. त्राण नाही हेही अर्धंच खरं आहे.

बाबा


८ जानेवारी २०२५

प्रियदर्शनी,

आज सकाळी पोळ्यावाल्या बाईला येऊ नको म्हणून सांगितलं. मध्ये कुणी आलं की उठायला निमित्त मिळतं, आणि ही पत्रं मी निमित्त काढूनच अर्धवट सोडत आलोय.

आधी रागिणीचं. तिला माझ्याकडे पाठवू नकोस. सुट्टीत नको आणि नंतरही नको. तिला पाया शिकवायचा तर दुसरा कुणी शोध, जो हात पाठीमागे बांधून उभा राहील. मला ते जमणार नाही. जमेल असं तुला लिहिलं असतं, तुला खोटं वाटलं नसतं, आणि पहिल्याच आठवड्यात माझी पेन्सिल तिच्या कागदावर गेली असती. या वयात मी स्वतःला एवढं ओळखतो.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. चित्र कपाटामागे सापडलेलं नाही. बावीस वर्षं ते माझ्या ट्रंकेत होतं, शाळेच्या जुन्या हजेरीपटांखाली. १४ जून २००२ ला ते मुंबईहून रजिस्टर पोस्टाने परत आलं. बरोबर एक पत्र होतं. ते पत्र सोबत जोडलं आहे. घडीवर विरलंय, जपून उघड. तुझ्या हातात ते एकटं पडू नये म्हणून त्यात काय आहे ते आधीच लिहितो. मला ते पाठ आहे.

"उमेदवाराची रेषा असामान्य आहे. अशी रेषा आमच्याकडे फार क्वचित येते. मात्र अब्राहामाचा उजवा हात दुसऱ्या कुणीतरी गिरवलेला दिसतो, आणि गिरवणाऱ्याला या रेषेची समज नाही. चित्र सोबत परत पाठवत आहोत. उमेदवाराने ८ जुलै रोजी सकाळी अकरा वाजता समक्ष येऊन हाच हात आमच्यासमोर काढून दाखवावा."

त्यांनी तुला नाकारलं नव्हतं, बाई. बोलावलं होतं.

लोक म्हणतील, पोरीला एवढ्या लांब पाठवायचं नव्हतं म्हणून बापाने दडवलं. तसं असतं तर निदान एक कारण तरी झालं असतं. तुला पाठवायचं मी ठरवलं होतं. दादरला आपले बुधाजीकाका होते, त्यांच्याकडे राहण्याची सोयही झाली होती. माझ्यात अडकलं ते एकच वाक्य. गिरवणाऱ्याला समज नाही. तेव्हा नोकरीला तेवीस वर्षं झाली होती माझ्या. अकोल्यातले पालक मला पाहून रस्त्यात थांबायचे. ते पत्र तू वाचणार, तुझी आई वाचणार, तू मुंबईला जाणार आणि तिथे तुला विचारणार, हात कुणी गिरवला? आणि तू म्हणणार, माझ्या वडिलांनी. ते चित्रकला शिकवतात.

आणखीही एक होतं, तेही लिहून टाकतो. आयुष्यात माझ्या रेषेला कुणी असामान्य म्हटलं नव्हतं. स्वच्छ म्हणायचे. तुझ्याबद्दल तो शब्द वाचला आणि मला आनंद झाला नाही. बापाला व्हायला हवा होता. मला झाला नाही, आणि त्याची मला त्या दिवसापासून स्वतःशीच चीड आहे.

आज सांगतो, उद्या सांगतो, असं करत आठ जुलै उलटली. त्यानंतर सांगण्याला काही अर्थच उरला नाही, उलट ते आणखी अवघड झालं. ऑगस्टमध्ये तू एकदा विचारलंस, "माया चित्रात काय खोट होती जी बाबा?" आणि मी मास्तरच्या आवाजात म्हणालो, "रेषा कच्ची पडली. मुंबईले हजारो पोरं येतात." मग मीच डी.एड.चा फॉर्म आणला. तू भरलास. तुझ्या हातात पुन्हा चित्राची पेन्सिल मी पाहिली नाही. वलगावच्या शाळेत फळ्यावर आंबा-केळं काढत असशील तर तेवढंच.

माफ कर म्हणत नाही. ते मागण्याचीही एक मुदत असते आणि ती मी घालवली. तू मला घरी येऊ नका म्हणालीस, तेव्हा तुला यातलं निम्मंही माहीत नव्हतं. आता सगळं माहीत आहे, आणि पुढचं तू ठरव. फक्त एक कर. ते पत्र रागिणीला वाचायला दे. तिच्या आईबद्दल आहे ते.

आता १४ जूनचं सांगतो आणि थांबतो. दुपारी पोस्टमन आला, मी दारातच सही केली, दारातच पाकीट फोडलं आणि उभ्या उभ्या वाचलं. तू स्वयंपाकघरातून हात पुसत आलीस आणि विचारलंस, "कोनाचं आहे जी, बाबा? मुंबईचं का?" मी गुंडाळी काखेत धरली आणि म्हटलं, "नाई वं. शाळेचं आहे."

त्यानंतर दीड महिना, डाक यायच्या वेळेला, तू ओट्यावर येऊन बसायचीस. मी दुपारपाळीच्या शाळेला त्याच वेळी निघायचो, तुझ्यासमोरूनच. सायकल काढताना तू माझ्याकडे पाहायचीस, आणि मी रोज, एकही दिवस न चुकता, तुला म्हणायचो, "येईन व माय, पत्र येईन. मुंबईचं काम आहे, वेळ लागते."

किसन